तीन बॉलचा स्पायरोमीटर: सिगारेट ओढणाऱ्यांनी घ्यावा का?

ठाण्यात नौपाडा ते गोखले रोड या पट्ट्यातल्या बहुतेक औषधांच्या दुकानांत श्वासाच्या व्यायामाचे हे प्लॅस्टिकचे साधन सहज मिळते. आम्ही ते वडिलांसाठी घेतले. त्यांची सिगारेट सुटली आहे, पण जिना चढताना लागणारी धाप सुटलेली नाही.

तीन उभे कप्पे, प्रत्येकात एक हलका बॉल आणि ६००, ९००, १२०० अशा खुणा, एवढीच त्याची रचना. सेकंदाला किती घनसेंटीमीटर वेगाने हवा आत ओढली जाते, ते या खुणा दाखवतात; एकूण किती हवा आत गेली, ते दाखवत नाहीत. म्हणूनच एक जोराचा हिसका दिला की तिन्ही बॉल वर जाऊन आपटतात, घरचे शाबासकी देतात, आणि फुप्फुसांच्या तळापर्यंत हवा मात्र पोहोचलेली नसते. श्वास पूर्ण सोडून, नळीचे टोक ओठांत घट्ट धरून, हवा इतकी सावकाश ओढावी की पहिला बॉल वर तरंगत राहील, आणि मग दोन-तीन सेकंद श्वास रोखावा, ही खरी रीत आहे. वडिलांनी आधी नळीत फुंकरच मारली, आणि त्यात त्यांचा दोष नाही, कारण सोबतचा कागद बारीक इंग्रजीत आहे. लागोपाठ फार वेळा केल्यास चक्कर येते, हेही मराठीत छापायला हवे होते.

शस्त्रक्रियेनंतर वेदनेमुळे श्वास उथळ होतो आणि फुप्फुसाचा तळ मिटू लागतो. त्यासाठी रुग्णालयांत हे साधन देतात, आणि त्या कामी ते योग्य आहे. धुराने फाटलेल्या वायुकोशांच्या, म्हणजे फुप्फुसांतल्या हवेच्या इवल्या पिशव्यांच्या, भिंती मात्र ते पुन्हा उभारू शकत नाही. वयानुसार फुप्फुसांची शक्ती सर्वांचीच घटते, धूम्रपानाने ती घट वेग घेते, आणि सिगारेट सोडल्यावर तो वेग न ओढणाऱ्यांच्या जवळपास येतो. त्यामुळे एकीकडे पाकीट चालू ठेवून दुसरीकडे बॉल उचलणाऱ्याने हे पैसे खर्चूच नयेत.

धापेवर आम्हाला अधिक उपयोगी पडला तो फिजिओथेरपिस्टने शिकवलेला फुकटचा व्यायाम. नाकाने दोन अंक मोजत श्वास घ्यायचा आणि शीळ घालताना करतो तसे ओठ करून चार अंक मोजत सोडायचा. ओठांच्या अडथळ्यामुळे आत दाब टिकतो, बारीक श्वासनलिका लवकर मिटत नाहीत आणि अडकलेली हवा बाहेर पडते. ठाणे स्टेशनचा पूल वडील आता कठड्याला धरून याच लयीत चढतात. वेळ लागतो, पण मध्ये थांबावे लागत नाही. श्वास आत घेण्याच्या स्नायूंना ताकद देणारी स्प्रिंगची उपकरणेही मिळतात. ती महाग असतात आणि त्यांचा दाब जाणकाराकडूनच ठरवून घ्यावा.

स्पायरोमीटरविषयी शेवटची तक्रार नळीची आहे. तिच्या वळ्यांत पाणी साचते, पावसाळ्यात ती दोन दिवस वाळत नाही आणि आतून कुबट वास येऊ लागतो. आमच्या दुकानदाराकडे नळी सुटी मिळत नाही, त्यामुळे बदलायची वेळ आली तेव्हा अख्खा संच पुन्हा घ्यावा लागला.