रोमन दरबारातला खुशमस्कऱ्या रंगमंचावर आणताना: आफेर, व्हितेलियस, अग्रिप्पा की सेनेका?

लहरी सम्राट आणि त्याच्यापुढे जीव मुठीत धरून उभा असलेला दरबारी. या विषयावर एकांकिका किंवा नाटक लिहायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांचं घोडं बहुधा पहिल्याच पायरीवर अडतं: माणूस कोणता घ्यायचा? रोमच्या पहिल्या शतकात असे दरबारी ढिगाने सापडतात. त्यातले चार मला नाटकाच्या दृष्टीने खरे दमदार वाटतात. त्यांची तुलना इथे मांडतो आहे, म्हणजे संहितेला हात घालण्याआधी निर्णय करणं सोपं जाईल.

एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी. आपल्याकडे खुशमस्कऱ्या रंगमंचावर आला की तो हसवायलाच येतो. कमरेत वाकलेला, लाडिक बोलणारा, डोक्याने जरा कमी. रोमच्या इतिहासकारांनी टिपलेला खुशामतखोर तसा मुळीच नाही. तो त्या काळातला पहिल्या फळीचा वक्ता आहे, यशस्वी सुभेदार आहे, तत्त्वज्ञ आहे. तो घाबरलेला आहे आणि भीतीपोटी त्याचं डोकं विलक्षण वेगाने चालतं आहे. त्याला विदूषक केलंत तर नाटक हातचं जाईल. म्हणून चौघांनाही मी एकाच प्रश्नावर तोललं आहे: सम्राटाचा राग शांत करताना याने काय वाचवलं आणि त्यासाठी काय गहाण टाकलं?

डोमिशियस आफेर: एका भाषणाची गोष्ट

इ.स. 39. सम्राट कॅलिगुला सव्वीस वर्षांचा. आफेर मूळचा दक्षिण गॉलमधल्या नेमाउससचा, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या नीमचा. आधीचा सम्राट तिबेरियस याच्या काळात बड्या घरच्या लोकांवर खटले भरून त्याने नाव कमावलं होतं. इ.स. 26 मध्ये त्याने क्लॉडिया पुल्क्रावर खटला चालवला. ही बाई कॅलिगुलाच्या आईच्या, थोरल्या अग्रिपिनाच्या नात्यातली. तेव्हा जुना हिशेब बाकी होताच. तो मिटावा म्हणून आफेरने कॅलिगुलाचा पुतळा उभारला आणि खाली कोरून घेतलं, की वयाच्या सत्ताविसाव्या वर्षात हा दुसऱ्यांदा कॉन्सल (रोममधलं सर्वोच्च सरकारी पद) झाला.

हे कौतुकच त्याच्या अंगाशी आलं. कॅलिगुलाला त्यात टोमणा दिसला: माझं कोवळं वय आणि या पदासाठीचा मोडलेला वयाचा नियम हा जगाला दाखवतो आहे. प्रकरण सिनेटपुढे गेलं. फिर्यादी खुद्द सम्राट. लांबलचक भाषण तयार करून आलेला, कारण समोर रोममधला नावाजलेला वक्ता आहे आणि त्याला वक्तृत्वातच हरवायचं आहे. आफेरने बरोबरीचं एक वाक्य जरी बोललं असतं, तरी तो तिथेच संपला असता असं इतिहासकार डिओ सांगतो.

आफेर बचाव करतच नाही. तो थक्क झाल्यासारखा ऐकत राहतो. मग आपल्यावरचा एकेक आरोप स्वतःच पुन्हा उच्चारतो आणि काय मुद्दा मांडलात म्हणून दाद देतो, जणू आरोपी दुसराच कोणी आहे आणि हा केवळ श्रोता. बोलायची पाळी येते तेव्हा रडतो, विनवण्या करतो, जमिनीवर लोटांगण घालतो. भीती वाटते ती सम्राटाची नाही, समोरच्या वक्त्याची, असं दाखवतो. कॅलिगुला विरघळतो. आरोप बाजूला राहतो आणि त्याच वर्षी आफेर कॉन्सल होतो.

नाटककाराच्या दृष्टीने यात काय नाही? एक जागा, एक दुपार, दोन माणसं, मृत्यूपासून पदापर्यंत गेलेला प्रवास. शिवाय आफेरचा नेम बघा. कॅलिगुला देखणा आहे, शूर आहे, देव आहे असं तो काहीच म्हणत नाही. ज्या एका गुणाबद्दल या तरुणाला स्वतःला अभिमान आणि धाकधूक दोन्ही आहे, तिथेच त्याने बोट ठेवलं. हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं तर झाड कोणतं हे ओळखावं लागतं. आणि कौतुक सपशेल खोटंही नव्हतं. कॅलिगुला खरोखर चांगला बोलायचा, हे त्याच्याबद्दल वाईट लिहिणारा चरित्रकार सुएटोनियसही मान्य करतो. तत्त्वज्ञ आणि लेखक सेनेका याच्या शैलीला कॅलिगुलाने ‘चुन्याशिवायची वाळू’ म्हटलं होतं. अशी शेरेबाजी करणाऱ्याला भाषा कळत होती.

सेनेकाची गोष्टही याच सुमाराची. त्याने सिनेटमध्ये कॅलिगुलासमोर एक खटला उत्तम चालवला आणि तेवढ्यासाठी त्याचा जीव जाणार होता. सम्राटाच्या जवळच्या एका स्त्रीने सांगितलं, की याला क्षय झाला आहे, हा असाही फार दिवस जगणार नाही, तेव्हा कुठे तो वाचला. एकाच सभागृहात एक जण चांगलं बोलला म्हणून मरता मरता वाचला, दुसरा मुद्दाम वाईट बोलला म्हणून वाचला. एकांकिकेत ही जोडी शेजारी ठेवलीत तर वेगळं निवेदन लागणार नाही.

आफेरची मर्यादाही लक्षात घ्या. त्याने वाचवला तो फक्त स्वतःचा जीव. आणि केवळ भाषणाने वाचवला असंही नाही, सम्राटाचा वजनदार मुक्तदास कॅलिस्टस याची मर्जी त्याने आधीपासून राखली होती. हा मागचा दरवाजा संहितेत दिसला पाहिजे, नाहीतर प्रसंग चमत्कारासारखा वाटेल.

लुशियस व्हितेलियस: पूर्ण नाटक हवं असेल तर

चौघांत सर्वांत खोल उतरता येईल असा माणूस हाच. इ.स. 35 मध्ये तो सीरियाचा सुभेदार झाला. येशूला क्रुसावर पाठवणाऱ्या पिलाताला त्यानेच पदावरून काढून रोमला धाडलं. पार्थियाचा राजा आर्ताबानस याच्याशी युफ्रेटिसच्या काठी त्याने तह घडवला. त्याला नावं ठेवणारा इतिहासकार टॅसिटससुद्धा म्हणतो, की प्रांतात त्याचा कारभार जुन्या काळच्या सचोटीचा होता.

हेच यश कॅलिगुलाला खुपलं. परत बोलावणं आलं आणि त्याचा अर्थ सगळ्यांना कळत होता. व्हितेलियस साध्या कपड्यांत आला, पाया पडला, रडला, कॅलिगुलालाच देव मानून बळी वाहीन म्हणाला. डोकं झाकून, गिरकी घेऊन साष्टांग घालायचं, देवापुढे घालावं तसं, ही रीत त्यानेच दरबारात आणली असं सुएटोनियस लिहितो. जीव वाचला, इतकंच नाही तर तो खास मर्जीतला झाला.

मग तो चंद्राचा प्रसंग. कॅलिगुला म्हणतो, चंद्रदेवता माझ्याजवळ आहे, आम्ही बोलतो आहोत, तुला दिसते ना? हो म्हटलं तर खोटारडा, नाही म्हटलं तर पाखंडी. व्हितेलियस थरथरत जमिनीकडे बघतो आणि पुटपुटतो, की देवांना फक्त देवच पाहू शकतात, महाराज. या एका उत्तरात सम्राटाचं वेडही सांभाळलं गेलं आणि स्वतःचं तोंडही. चारही पर्यायांत याच्या तोडीचं वाक्य दुसरं नाही.

पण नाटक इथे थांबवू नका. कॅलिगुला मेला, क्लॉडियस आला, तो जिवावर उठलेला नव्हता, तरी व्हितेलियस तसाच वागत राहिला. क्लॉडियसची राणी मेसालिना हिचा एक जोडा तो कपड्यांच्या आत बाळगायचा आणि अधूनमधून त्याचं चुंबन घ्यायचा. सम्राटाच्या मुक्तदासांच्या सोन्याच्या प्रतिमा त्याने घरच्या देव्हाऱ्यात ठेवल्या. गरज संपल्यावरही सवय उरली.

आणि इ.स. 47. व्हॅलेरियस एशियाटिकस, दोनदा कॉन्सल झालेला माणूस, त्याच्याकडे लुकुलसच्या प्रसिद्ध बागा होत्या आणि त्या मेसालिनाला हव्या होत्या. खटला सिनेटमध्ये नाही, सम्राटाच्या खोलीत चालला. एशियाटिकस इतका छान बोलला की क्लॉडियस हेलावला, मेसालिनाच्याही डोळ्यांत पाणी आलं. डोळे पुसायला बाहेर जाताना ती व्हितेलियसला बजावून गेली, हा निसटता कामा नये. क्लॉडियस सोडून देण्याच्या विचारात असताना व्हितेलियस रडू लागला. आमची जुनी मैत्री, आपल्या आईसाहेबांकडे आम्ही दोघे कसे जायचो, ब्रिटनच्या मोहिमेतली त्याची सेवा, सगळं भरल्या गळ्याने सांगितलं. आणि शेवटी विनंती केली, की एवढ्या मोठ्या माणसाला आपला मृत्यू कसा यावा हे निवडण्याची मुभा द्यावी. क्लॉडियसने तेवढीच दया मंजूर केली.

कॅलिगुलापुढचे अश्रू आणि हे अश्रू एकाच डोळ्यांतले. पहिल्या वेळी त्यांनी एक जीव वाचवला, दुसऱ्या वेळी एक जीव घेतला. मला हा सगळ्या रोमन इतिहासातला अत्यंत भयंकर प्रसंग वाटतो, कारण यात कोणी आवाजही चढवत नाही. एशियाटिकसने त्या दिवशी रोजचा व्यायाम केला, स्नान केलं, आनंदाने जेवला. नसा कापून घेण्याआधी आपली चिता बघायला गेला आणि झाडांच्या पानांना झळ लागेल म्हणून ती दुसरीकडे हलवायला लावली.

व्हितेलियस पुढे पक्षाघाताने मेला. त्याला सरकारी अंत्यविधी मिळाला आणि सम्राटावरच्या अढळ निष्ठेचा उल्लेख करणारा पुतळाही. दोन अंक त्याच्या आयुष्यात आयतेच आहेत. पहिला चंद्रापाशी संपवा, दुसरा त्या खोलीत.

अग्रिप्पा: दुसऱ्यांसाठी केलेली खुशामत

यहुद्यांचा राजा हेरोद याचा नातू, रोममध्ये वाढलेला, कर्जबाजारी, कॅलिगुलाचा दोस्त. तिबेरियस लवकर जावा आणि तू गादीवर यावास असं कॅलिगुलाला म्हणाला म्हणून तिबेरियसने त्याला बेड्या घातल्या. कॅलिगुला गादीवर आल्यावर त्याने लोखंडी साखळीच्या वजनाची सोन्याची साखळी त्याला दिली.

इ.स. 40 मध्ये कॅलिगुलाने जेरुसलेमच्या मंदिरात आपला पुतळा बसवायचा हुकूम काढला होता. बसवला असता तर रक्ताचे पाट वाहिले असते. सीरियाचा सुभेदार पेट्रोनियस काही ना काही कारण काढून वेळ काढत होता, कारण लोकांनी शेतं पेरायची सोडून त्याच्यापुढे ठाण मांडलं होतं. यहुदी इतिहासकार जोसेफस याच्या हकिगतीत अग्रिप्पा रोममध्ये अशी मेजवानी देतो की सम्राट खूश होऊन काय हवं ते माग म्हणतो. अग्रिप्पा आधी नको म्हणतो. पुन्हा आग्रह झाल्यावर मागतो ते एवढंच, की पुतळ्याचा हुकूम मागे घ्यावा. सगळ्यांसमोर शब्द दिल्यामुळे कॅलिगुला अडकतो. त्या काळातला यहुदी तत्त्वज्ञ फिलो याच्या हकिगतीत मेजवानी नाही. बातमी ऐकताच अग्रिप्पा कोसळतो, त्याला उचलून घरी नेतात आणि शुद्धीवर आल्यावर तो पत्र लिहितो. रंगमंचाला मेजवानी चांगली, अभिनेत्याला कोसळणं चांगलं.

नैतिकदृष्ट्या चौघांत हा सर्वांत उजळ, कारण याने मागितलं ते स्वतःसाठी नव्हतं. पण नाटक म्हणून अडचण अशी, की शेवट त्याच्या हातात नाही. कॅलिगुलाचं मन फिरलंच. पेट्रोनियसला जीव देण्याचा हुकूम सुटला. तो घेऊन निघालेलं जहाज वादळात रखडलं आणि कॅलिगुलाच्या खुनाची (24 जानेवारी 41) बातमी हुकुमाच्या 27 दिवस आधी पेट्रोनियसला मिळाली. ही गोष्ट घ्यायची तर पेट्रोनियसला अर्धं नाटक द्यायची तयारी हवी.

सेनेका

नाव मोठं म्हणून बहुतेकांचा हात याच्याकडे जातो. मी सहसा सुचवणार नाही. सेनेका हा पुढे सम्राट झालेल्या नीरोचा गुरू. नीरोला राग येण्याआधीच त्याला शांत ठेवायचा सेनेकाचा प्रयत्न होता. अठरा वर्षांच्या नीरोला त्याने सांगितलं, तू किती दयाळू आहेस बघ. एका मृत्युदंडावर सही करताना ‘मला लिहिता आलंच नसतं तर बरं’ असं नीरो म्हणाला होता, तेच वाक्य उचलून त्याने आरसा म्हणून त्याच्यापुढे धरलं. ही खुशामतच, पण माणूस घडवायची. काही वर्षं ती चालली. इ.स. 59 मध्ये नीरोने आईला मारलं आणि त्याचं समर्थन करणारं पत्र सिनेटला गेलं, ते सेनेकाने लिहिलेलं. तिथून पुढे सगळं उतरणीचं. त्याचं मरण (इ.स. 65) इतक्यांनी रंगवलं आहे की नवं काही सांगणं कठीण.

एकच प्रसंग अजून ताजा आहे, इ.स. 62 मधला. सेनेका सगळी संपत्ती परत करून निवृत्ती मागतो. नीरो त्याच्याच शिकवणीच्या जोरावर गोड नकार देतो, मिठी मारतो, चुंबन घेतो. सेनेका आभार मानतो. यात शिष्याने गुरूची कला शिकून गुरूवरच चालवली आहे. घ्यायचाच तर तेवढा एक प्रवेश घ्या.

त्यापेक्षा सेनेकाने लिहून ठेवलेली दुसऱ्याची गोष्ट मला नाटकाला अधिक जवळची वाटते. पास्टर नावाच्या सरदाराच्या मुलाला कॅलिगुलाने मारलं आणि त्याच दिवशी बापाला जेवायला बोलावलं. समोर पेला धरला, अत्तर दिलं, हार दिला आणि हा ते घेतो की नाही बघायला माणूस ठेवला. म्हाताऱ्याने सगळं घेतलं, प्यायला, चेहरा हलू दिला नाही. त्याला आणखी एक मुलगा होता. एका ताकदीच्या ज्येष्ठ नटासाठी शब्दांशिवायची वीस मिनिटं इथे आहेत.

मग निवड कशी करायची

एकांकिका असेल, मुलं नवी असतील, नेपथ्याला पैसा नसेल, तर आफेर. माझं पहिलं मत त्यालाच. दोन अंकी लिहायची दमछाक सोसणार असाल तर व्हितेलियस, आणि मेसालिनाची भूमिका नीट लिहिलीत तर एका चांगल्या अभिनेत्रीला काम मिळेल, जे बाकी तिन्हींत जवळजवळ नाही. संस्थेत माणसं भरपूर असतील, गर्दीचे प्रवेश बसवायची हौस असेल, तरच अग्रिप्पा.

आफेर निवडलात तर तालमीत सर्वांत जास्त वेळ कॅलिगुलाला द्या. तो ओरडणारा वेडा दिसला की प्रसंग पडला. त्याचं भाषण खरोखर चांगलं लिहावं लागेल, इतकं की प्रेक्षकांतून दाद यावी आणि पुढच्या क्षणी आफेरही तीच दाद देताना दिसावा. आफेरवर आरोप केलाच कशाला, अशी नंतर कॅलिस्टसने कुरकुर केली तेव्हा कॅलिगुला म्हणाला, की असं भाषण मनातच ठेवणं बरं दिसलं नसतं. हे तो अगदी मनापासून म्हणतो. नटाने तिथे डोळा मिचकावता कामा नये.