घरची किडनी की यादीतली? बर्फातल्या तासांचा हिशेब

डायलिसिसवरच्या माणसाच्या घरी हा प्रश्न कधी ना कधी निघतोच: मायची नाहीतर बायकोची किडनी घ्यायची, की नागपूरच्या झेडटीसीसीच्या (दान आलेल्या अवयवांचं वाटप करणाऱ्या विभागीय केंद्राच्या) यादीत नाव लावून मेंदूमृत दात्याच्या किडनीची वाट पाहायची? खर्च, कागदपत्रं, रक्तगट यांवर सगळे बोलतात. काढलेली किडनी रक्ताविना किती वेळ राहते, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही. माझ्या मते निवड करताना ते आधी विचारावं.

रक्त थांबलं की पेशींची ऊर्जा संपत जाते, आत पाणी शिरून त्या फुगतात. म्हणून गार द्रावणानं आतलं रक्त धुऊन किडनी साधारण ४ अंशांवर ठेवतात. पेशींचं काम त्यानं खूप मंदावतं, थांबत नाही. बर्फ थेट लागला तर किडनी गोठून खराब होते. त्यासाठी एकात एक पिशव्या, सगळ्यांत आत द्रावण आणि बाहेर बर्फ. खरा घाव पुढं, रक्त पुन्हा सुरू होताना बसतो. प्राणवायू एकदम आला की पेशींना जाळणारे घटक तयार होतात आणि सूज चढते. बर्फातले तास वाढले की हा घावही वाढतो.

घरच्या दात्यात इथंच मोठा फरक पडतो. दोन्ही ऑपरेशन एकाच दवाखान्यात, वेळ ठरवून होतात. किडनी बर्फात राहते ती थोडाच वेळ. रक्तवाहिन्यांवरचे चिमटे सोडले की फिकी पडलेली किडनी गुलाबी होते आणि पुष्कळदा टेबलावरच मूत्रनलिकेतून लघवीचे थेंब येऊ लागतात.

यादीतली किडनी आली तर वाटप, क्रॉसमॅच (दात्याचं आणि रुग्णाचं रक्त जुळतं का याची तपासणी), प्रवास, सगळ्यात तास जातात. २४ तासांपर्यंत ती वापरता येते, कधी त्याहून जास्तही. पण उशीर झालेली किडनी लगेच काम करतेच असं नाही. प्रत्यारोपणानंतरही काही दिवस डायलिसिस लागू शकतं. तसं झालं तर घाबरून जाऊ नका, बहुतेक किडन्या नंतर चालू होतात. गार द्रावण सतत फिरवत ठेवणारं यंत्रही आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या मोठ्या चाचणीत उशिरा चालू होणाऱ्या किडन्या बर्फाच्या पेटीत २६.५ टक्के होत्या, यंत्रावर २०.८ टक्के. फायदा खरा आहे, पण किडनीसाठी केवळ यंत्र आहे म्हणून दूरचं शहर गाठावं एवढा नाही. बर्फातले तास कमी करणं जास्त मोलाचं.

म्हणून घरात निरोगी आणि मनापासून तयार दाता असेल, तर मी घरची किडनीच म्हणेन. 'मनापासून' यावर माझा जोर आहे. आपल्या देशात जिवंत दात्यांमध्ये बायाच जास्त. कापूस वेचणाऱ्या बाईला ऑपरेशननंतर काही आठवडे ओझं उचलता येत नाही, मजुरी बुडते. तिची सोय आधी लावा. तिला साखर, बीपी असेल किंवा तिचं मन नसेल, तर विषय तिथंच सोडा. डॉक्टर तिच्याशी एकटीशी बोलतील, तेव्हा दाराशी घुटमळू नका.

घरचा दाता नसेल, तर मग यादी. नोंदणी प्रत्यारोपण करणाऱ्या एकाच दवाखान्यामार्फत होते, तेव्हा पोचता येईल असा दवाखाना निवडा. धारणी किंवा एटापल्लीच्या माणसाला मुंबईपेक्षा नागपूर किंवा वर्ध्याजवळचं सावंगी बरं, कारण बोलावणं रात्रीही येतं. गरज नसताना रक्त चढवून घेऊ नका. त्यातून रक्तात तयार होणाऱ्या, परक्या पेशींवर हल्ला करणाऱ्या प्रतिपिंडांमुळे क्रॉसमॅच अडकतो. गावात रेंज नसेल तर तालुक्याच्या नातलगाचा नंबरही नोंदवा, गाडीवाल्याशी आधीच बोलून ठेवा. पावसाळ्यात नाल्याला पूर येऊन रस्ता बंद होत असेल, तर तेवढे महिने दवाखान्याजवळच्या नातेवाइकाकडे राहता येतं का, तेही पाहा.