ओट्याच्या ‘नॅनो कोटिंग’चे १०,८२० रुपये

अमरावती जिल्ह्यात वरुड-मोर्शीकडच्या गावांमध्ये दोघं जण मोटारसायकलवर फिरताहेत. ग्रॅनाइट-मार्बलला नॅनो कोटिंग, १० वर्षांची गॅरंटी. दारात उभंसुद्धा करू नका त्यांना. आमचे १०,८२० रुपये नेले आणि बेसिनचा मार्बल जाळून गेले.

हिशेब सांगते. ओटा ३२ चौरस फूट, दोन बेसिनचे मार्बल मिळून १२, दर १८० रुपये, झाले ७,९२०. वर ‘सीलर’च्या (दगडात डाग मुरू नयेत म्हणून लावतात त्या द्रवाच्या) दोन बाटल्या, एक १,४५० ची. ५,००० रोख दिले, ५,८२० फोनवरून. संत्र्याच्या आंबिया बहाराचे पैसे आले तेव्हा स्वयंपाकघर नवं केलं होतं. कोणाकडे नवं काम झालंय ही चौकशी ते आधी गावात करतात, हे मागाहून कळलं.

ओट्यावर काहीतरी चोळून पाणी टाकलं. थेंब गोळा होऊन घरंगळले, आम्ही सगळे बघत राहिलो. मेण चोळलं तरी तसंच होतं! खरं सीलर दगडात मुरतं, वर थर ठेवत नाही. काळं ग्रॅनाइट बहुतेक इतकं घट्ट असतं की त्याला सीलर लागतच नाही. पाणी टाकून दहा-पंधरा मिनिटं थांबा. दगड ओला-काळपट दिसला तरच पुढचं बोला.

मग बेसिन. बिनलेबलच्या बाटलीतून त्यानं काही ओतलं आणि दगड फसफसला. पांढरा फेस आला, नाकात झोंबलं. संडास धुवायच्या अ‍ॅसिडचाच वास. मी विचारलं, “भाऊ, हे काय टाकून रायले?” तर म्हणे, “ताई, जुना मैल निघून रायला.” दिवाळीनंतर बसवलेल्या दगडात जुना मळ कुठून येईल? तिथेच त्याचा हात धरायला हवा होता, हे रोज बेसिनपाशी उभी राहिले की डोक्यात येतं. मार्बल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, अ‍ॅसिड पडलं की विरघळतो; तो फेस म्हणजे माझा दगडच जात होता. पण हे मला कोण सांगणार होतं? आमच्याकडचे जुने ओटे कडप्प्याचे, पुसले की झालं. मार्बल विकणाऱ्या दुकानदारानं लिंबू-चिंच सांडू देऊ नका एवढंही सांगितलं नाही. आणि सीलर लावलं तरी अ‍ॅसिडचा डाग थांबत नाही, सीलर फक्त तेल-हळद मुरू देत नाही.

ओट्यावर गरम कढई टेकली तिथे थर वितळून पांढुरके गोल उठले, त्यावर कणीक चिकटते. मार्बल पुन्हा घासून पॉलिश करायला मिस्त्री ४,५०० मागतो.

पोलीस ठाण्यात गेलो तर “काम तर केलं ना त्यानं? मग फसवणूक कशी? दिवाणी प्रकरण आहे, कोर्टात जा.” खोटं सांगून पैसे काढून घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे पोलीस थेट तपास करू शकतात, तरी साधा अर्ज घ्यायला तासन्‌तास बसवलं. पोचपावती मागितली तर “उद्या या.” उद्या गेलो तर साहेब बंदोबस्तावर. बँकेत म्हणाले, पिन तुम्हीच टाकला. पैसे ज्याच्या खात्यात गेले तो तिसराच माणूस, त्याचा पत्ता आम्हाला सांगणार नाहीत. पोलिसांनी मागितला तर देऊ म्हणतात. पोलीस म्हणतात, आधी बँकेतून पत्ता आणा. आम्ही शेतीची कामं टाकून या दोन दारांमध्ये किती फिरायचं?

बाटलीवर लेबल नसेल तर झाकण उघडू देऊ नका. आधी कोपऱ्यात, नजरेआड लावून घ्या, त्यावर गरम भांडं ठेवून बघा, मगच पैसे. रोज पुसायला पातळ साबणाचं पाणी पुरतं. पक्क्या बिलाशिवाय एक रुपया देऊ नका: जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, पण समोरच्याचं नाव-पत्ता लागतो. आमच्या चिठ्ठीवर फक्त मोबाइल नंबर आहे, तोही बंद.

या दोघांचा फोटो किंवा गाडीचा नंबर कोणाकडे असेल तर कळवा. सगळे मिळून ठाण्यात जाऊ.