लाल खारींसाठी वेळ द्यायचाय? पिंजरा, कॅमेरा की हेझलनट

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या आणि शनिवार-रविवारचे चार तास निसर्गासाठी द्यायला तयार असलेल्या माणसाला लाल खारींचं काम चटकन भावतं. भीमाशंकरचं शेकरू पाहिलेल्यांना ही चिमुकलीच वाटेल, वजन जेमतेम ३०० ग्रॅम, पण कानांवरचे तुरे बघून माणूस विरघळतो. उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडमध्ये गावोगावी तिच्यासाठी राबणारे गट आहेत. मात्र त्यांच्याकडे करायची कामं एकमेकांपासून फार वेगळी असतात. नाव नोंदवण्याआधी तो फरक समजून घेतलेला बरा.

आधी मूळ दुखणं. अमेरिकेतली करडी खार इथे सोडल्याची पहिली नोंद १८७६ची, चेशरमधल्या हेन्बरी पार्कातली. बड्या लोकांच्या बागांची शोभा वाढावी, एवढाच हेतू. आज करड्या २५ लाखांच्या आसपास आहेत, आणि लाल तीन लाखांच्याही आत. त्यातही तीन-चतुर्थांशाहून जास्त एकट्या स्कॉटलंडात. करड्या लाल खारींवर चालून जात नाहीत. त्या ओकची फळं कच्ची असतानाच खातात, पचवतात, आणि लाल खारींच्या वाट्याचं संपवतात. शिवाय स्क्विरलपॉक्स या रोगाचा विषाणू अंगात घेऊन फिरतात. त्यांना स्वतःला सहसा काही होत नाही, लाल खार मात्र साधारण दोन आठवड्यांत दगावते. लिव्हरपूलच्या उत्तरेला फॉर्म्बीत २००८ साली अशी साथ आली आणि तिथल्या ८० टक्क्यांहून जास्त लाल खारी गेल्या.

म्हणून पहिलं काम पिंजऱ्याचं. आमिष ठेवायचं, रोज न चुकता पिंजरा बघायचा, लाल खार अडकली असेल तर तिथल्या तिथे सोडायची. करडी अडकली तर मारायची. इथे आपल्यापैकी बरेच जण थबकतात. रामाने जिच्या पाठीवरून बोटं फिरवली म्हणतात तिच्याच जातभाईला मारायचं, हे घशाखाली उतरत नाही. ‘लांब नेऊन सोडू’ ही पळवाटही नाही, कारण पकडलेली करडी खार पुन्हा मोकळी सोडणं कायद्याने गुन्हा आहे. पाण्यात बुडवून मारणं हाही गुन्हाच.

पण परिणाम बघायचा असेल तर वेल्सच्या अँगलसी बेटाकडे बघा. १९९८च्या सुमारास तिथे लाल खारी ४०च्या आसपास उरल्या होत्या. करड्या हटवायचं काम वर्षानुवर्षं चाललं, २००४पासून न्यूबरोच्या जंगलात पिंजऱ्यात वाढवलेल्या लाल खारी सोडल्या, आणि आज तिथे काहीशे लाल खारी आहेत. बेट आहे म्हणून जमलं हे खरंच. पण मेनाई सामुद्रधुनीवर दोन पूल आहेत, त्यावरून करड्या पुन्हा येऊ शकतात. त्यामुळे पलीकडच्या किनाऱ्यावरचं काम थांबवता येत नाही. या कामात ‘झालं एकदाचं’ असं काही नसतं. वर्षभर जमलं नाही तर आधीची मेहनत वाया जाते.

मारणं जमणारच नसेल तरी हा पर्याय लगेच खोडू नका. काही ठिकाणी पिंजरा तुमच्या बागेत ठेवतात, बघण्याचं काम तुमचं आणि पुढचं प्रशिक्षित माणसाचं. गटाला पहिल्याच फोनवर विचारा: मारतो कोण, कसा, आणि फोन केल्यावर किती वेळात येतो?

दुसरं काम सर्वेक्षणाचं. झाडाला कॅमेरा बांधायचा, किंवा खाण्याच्या पेटीच्या तोंडाशी चिकट पट्टी लावायची. खार आत शिरली की केस चिकटतात आणि त्यावरून लाल की करडी ते कळतं. मुलांना घेऊन जाण्यासारखं, कंब्रिया-नॉर्थम्बरलँडच्या पावसाची तयारी असेल तर मजेचं. न्यूकॅसल किंवा कार्लाइलच्या आसपास राहत असाल तर हेच निवडा, कारण इंग्लंडमधल्या लाल खारींचा मोठा हिस्सा कील्डरच्या जंगलात आहे. पण मारायला नको म्हणून हे निवडत असाल तर एक लक्षात असू द्या. तुमच्या कॅमेऱ्यात करडी दिसली की दुसऱ्या दिवशी तिथेच पिंजरा लागतो. माहितीचा उपयोगच तो. हात स्वच्छ राहतात ते फक्त दिसायला, आणि मला विचाराल तर ते तसंच असायला हवं. नुसती मोजणी करून एकही लाल खार वाचलेली नाही.

तिसरं, खाऊ घालणं. सगळ्यांना हेच हवं असतं, आणि बहुतेक ठिकाणी यानेच नुकसान होतं. जिथे दोन्ही जाती आहेत तिथे एकाच पेटीवर दोघी आल्या की विषाणूची सोय आपणच केली. खायला घालायचंच तर हेझलनट द्या, नुसते शेंगदाणे नकोत, त्यांत कॅल्शियम फार कमी. पेटी नियमित जंतुनाशकाने धुवा, आणि आसपास साथीची बातमी आली की लगेच काढून घ्या.

अपवाद स्कॉटलंडमधल्या वायव्य हायलँड्सचा. २०१६पासून ‘ट्रीज फॉर लाइफ’ या संस्थेने तिथल्या एकाकी जंगलांत लाल खारी नेऊन सोडल्या. मधल्या उघड्या माळांमुळे त्या आपल्या पायांनी तिथे पोचल्या नसत्या, आणि करड्याही तिथवर आलेल्या नाहीत. सुरुवातीचे काही महिने गावकरी खाणं ठेवतात, खार दिसली की कळवतात. इथे दाणे घालणं हे खरं काम आहे. अडचण एवढीच की ते करायला तिथे राहावं लागतं.

पाइन मार्टेन हा शिकारी प्राणी परतला की करड्या कमी होतात, हे आधी आयर्लंडमध्ये आणि मग स्कॉटलंडमध्ये दिसलं आहे. ऐकायला छान, पण त्यात हौशी स्वयंसेवकाच्या हाती फारसं काही नाही.

आणि लंडन, स्लाव, लेस्टरवाल्यांचं काय? तुमच्या भागात लाल खारी उरलेल्याच नाहीत. बघायच्या असतील तर दक्षिण किनाऱ्यावरच्या पूल (Poole) या गावच्या खाडीतलं ब्राउन्सी बेट गाठा, तिथे २००च्या आसपास आहेत. काम करायचं असेल तर उत्तरेतल्या एखाद्या छोट्या गटाला दरमहा ठरावीक रक्कम पाठवा, आणि ती चहाच्या मगांवर खर्च न होता करड्या पकडणाऱ्या रेंजरच्या पगाराकडे जाते ना, एवढं विचारून घ्या.