सर्वांत लहान आवाजाची परीक्षा: रोलंड एफपी-३०एक्स, जॅझ वाजवणाऱ्याच्या घरातून

जॅझ वाजवणाऱ्याने पियानो निवडताना त्याचा सर्वांत मोठा नव्हे, तर सर्वांत लहान आवाज तपासावा, असे माझे ठाम मत आहे. दुकानात बहुतेक लोक दोन्ही हातांनी भरगच्च कॉर्ड, म्हणजे एकत्र दाबलेले अनेक स्वर, वाजवतात आणि खोली दणाणली की समाधान पावतात. परंतु या संगीतातले पुष्कळसे सौंदर्य अर्धवट दाबलेल्या पट्ट्यांवर अवलंबून असते: वेगवान ओळीच्या ओघात नुसते स्पर्शून सोडून दिलेले स्वर, एकल वाजवणाऱ्याच्या मागे डाव्या हाताने हळूच ठेवलेली तीन स्वरांची कॉर्ड, रचना संपल्यावर विरत जाणारा एकच खालचा स्वर. हे नीट उमटत नसेल, तर बाकीचे सगळे गुण माझ्या दृष्टीने गौण ठरतात. रोलंड कंपनीचा एफपी-३०एक्स हा डिजिटल पियानो मी याच कसोटीवर घेतला आणि बडोद्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये तो रोज वाजतो आहे.

हे मॉडेल २०२१ साली बाजारात आले. ८८ वजनदार पट्ट्या, एका वेळी २५६ स्वर धरून ठेवण्याची क्षमता, ५६ निरनिराळे ध्वनी, ११ वॉटचे दोन स्पीकर आणि १४.८ किलो वजन, ही त्याची कागदावरची ओळख. यांतील ध्वनींच्या संख्येकडे मी फारसे पाहिले नाही. मला एक चांगला पियानो आणि एक चांगला इलेक्ट्रिक पियानो हवा होता, आणि ते दोन्ही यात आहेत.

खरा, तारांचा पियानो का घेतला नाही, असे मला अनेकांनी विचारले. खऱ्या पियानोत सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात, त्यांचा एकत्रित ताण पंधरा-वीस टनांच्या घरात जातो, आणि तो सगळा डोलारा ज्या लाकडी पटलाशी जोडलेला असतो ते पटल हवेतली ओल शोषून फुगते व कोरड्या हवेत आक्रसते. बडोद्यात मे महिन्यातला कोरडा उन्हाळा आणि जुलै-ऑगस्टमधली दमट हवा यांत इतके अंतर असते की, वर्षातून दोनदा तरी सूर लावून घेतल्याशिवाय असे वाद्य वाजवण्याजोगे राहत नाही. आमच्या परिचयातल्या ज्या एक-दोन घरांत जुने पियानो आहेत, त्यांना ट्यूनर बाहेरगावाहून बोलवावा लागतो आणि तो येईपर्यंत वाद्य झाकून ठेवावे लागते. रोज वाजवणाऱ्या माणसाला हे परवडणारे नाही. सूर न उतरणारे वाद्य ही माझी पहिली गरज होती.

आता मुख्य विषय, म्हणजे स्पर्श. या पियानोच्या प्रत्येक पट्टीखाली तीन संवेदक आहेत. त्यामुळे पट्टी पूर्ण वर येण्याआधीच ती पुन्हा दाबली, तरी दुसरा स्वर उमटतो. जॅझमध्ये याचे महत्त्व फार आहे. जॅझ पियानोवादक एरॉल गार्नरची शैली ज्यांनी ऐकली आहे त्यांना आठवेल की, त्याचा डावा हात गिटार छेडल्यासारखा दर मात्रेवर कॉर्ड वाजवत राहतो आणि उजवा हात त्या लयीच्या किंचित मागे रेंगाळतो. हे साधायचे तर डाव्या हाताच्या कॉर्ड अगदी हलक्या, तरीही प्रत्येक वेळी सारख्या वजनाच्या यायला हव्यात. यापूर्वी माझ्याकडे असलेल्या स्वस्त कीबोर्डवर हळू वाजवू गेले की चारपैकी एखादी कॉर्ड नाहीशी होत असे किंवा एखादीच दणकन येत असे. एफपी-३०एक्सवर ती सलग राहते, आणि उजवा हात मागे ठेवण्याकडे सगळे लक्ष देता येते. तीच गोष्ट पियानोवादक व वाद्यवृंदप्रमुख काउंट बेसीच्या वळणाने वरच्या सप्तकात वाजवलेल्या दोन-तीन एकट्या स्वरांची. दोन स्वर आणि मग मोकळी जागा, एवढ्यावर तो सबंध वाद्यवृंद तोलून धरत असे. इतके थोडे वाजवायचे तर त्या दोन स्वरांना धार हवी आणि तरीही ते बोचता कामा नयेत. या पियानोचे वरचे सप्तक तसे आहे. जोर वाढवला की स्वर केवळ मोठा होत नाही, त्याचा रंगही उजळतो, आणि हा बदल पायऱ्यापायऱ्यांनी न होता सलग होतो.

पट्टी अगदी सावकाश दाबली तर तळाशी पोहोचण्यापूर्वी बोटाला एक बारीकशी खटक जाणवते. ग्रँड पियानोत हातोडी सुटते त्या क्षणाची ही नक्कल आहे. जोरात वाजवताना ती कळतसुद्धा नाही, पण हळू वाजवताना स्वर नेमका कुठे उमटणार याची खूण बोटाला आधीच मिळते. पियानोवादक बिल इव्हान्सच्या पद्धतीच्या, मूळ स्वर बास वाजवणाऱ्यासाठी सोडून दिलेल्या कॉर्डमध्ये चार स्वरांपैकी वरचा एक किंचित पुढे आणि आतले दोन मागे ठेवावे लागतात. त्या सरावात मला या खटकेचा खरा उपयोग झाला. पट्ट्यांचा पृष्ठभाग गुळगुळीत प्लास्टिकचा नसून हस्तिदंतासारखा किंचित खरखरीत आहे. ४२ अंशांच्या दुपारी घामेजलेली बोटे त्यावरून घसरत नाहीत, ही बाब थंड देशातल्या परीक्षकांना कदाचित नोंदवावीशी वाटणार नाही. मला ती फार मोलाची वाटते.

पट्ट्या मात्र जड आहेत. पियानोवादक बड पॉवेलसारख्या, बीबॉप या वेगवान जॅझशैलीच्या वळणाच्या लांब ओळी वाजवताना माझा मनगटापासूनचा हात लवकर थकतो. स्पर्शाची सेटिंग पाच पातळ्यांत बदलता येते, परंतु त्यामुळे आवाजाचा प्रतिसाद बदलतो, पट्टीचे वजन नव्हे, हे घेणाऱ्याने समजून घ्यावे. शिवाय एवढ्या आटोपशीर आकाराच्या कोणत्याही पियानोत पट्टीचा टेकू बोटांपासून फार दूर नेता येत नाही, म्हणून काळ्या पट्ट्यांच्या मधोमध, आत खोलवर वाजवताना अधिक जोर लागतो. जॅझमधल्या कितीतरी रचना डी-फ्लॅट किंवा ए-फ्लॅट या बऱ्याच काळ्या पट्ट्या लागणाऱ्या सुरांत असतात आणि हात सतत त्याच भागात जातो. यावर सरावाखेरीज उपाय नाही. माझ्या हाताला तो जमत आला आहे.

पियानोवर मींड घेता येत नाही. ब्लूजमधला जो स्वर कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधोमध कुठेतरी असतो, तो गवई सहज लावतो, सॅक्सोफोनवालाही लावतो. पियानोवाल्याला मात्र दोन शेजारच्या पट्ट्या एकत्र दाबून त्यांच्या घर्षणातून त्याचा भास निर्माण करावा लागतो. पियानोवादक थेलोनिअस मंकने या घर्षणाचीच एक भाषा केली. खऱ्या पियानोत असे दोन स्वर एकाच लाकडी पटलावर एकमेकांना हलवतात आणि त्यांतून एक थरथर उठते. एफपी-३०एक्समध्ये ती थरथर आहे, पण कमी प्रमाणात. मधल्या सप्तकात ती पटते. खालच्या सप्तकात दोन स्वर शेजारी उभे राहतात, एकमेकांत मिसळत नाहीत. मंकच्या रचना वाजवणाऱ्याला हा फरक रोज जाणवेल. इव्हान्स किंवा दुसरा पियानोवादक रेड गार्लंड यांच्या वाटेने जाणाऱ्याला तो क्वचितच जाणवेल, कारण गार्लंडच्या त्या प्रसिद्ध ठोकळेबाज कॉर्ड, म्हणजे उजव्या हातात सप्तक व मध्ये पंचम आणि डाव्यात चार स्वर, या पियानोवर फार भरीव व स्वच्छ येतात.

सोबत मिळणारे, पायाने दाबून स्वर लांबवण्याचे पेडल साधे आहे: चालू किंवा बंद, एवढेच त्याला कळते. बॅलड, म्हणजे संथ रचना, वाजवणाऱ्याने अर्धे पेडल ओळखणारे डीपी-१० वेगळे घ्यावे. आधीच्या कॉर्डची सावली थोडीशी ठेवून पुढच्या कॉर्डवर जाणे हे त्या संथ रचनांचे मर्म आहे आणि साध्या पेडलवर ते साधत नाही.

मी या लहान आवाजांबद्दल एवढा आग्रही का आहे, याचे मूळ आमच्या दांडिया बाजारातल्या जुन्या घरात आहे. माझे थोरले काका शॉर्टवेव्ह रेडिओवर व्हॉइस ऑफ अमेरिका या अमेरिकी नभोवाणीवरचा विलिस कॉनोव्हर यांचा जॅझचा कार्यक्रम ऐकत असत. १९५५ साली सुरू झालेला तो कार्यक्रम कॉनोव्हर यांनी १९९६ मध्ये त्यांच्या निधनापर्यंत चालवला. रेडिओच्या त्या खरखरीतून ट्रंपेट पोहोचे, सॅक्सोफोन पोहोचे, पियानो मात्र लाटेसारखा येई आणि जाई, आणि त्याचे हळुवार स्वर तर सगळेच वाटेत हरवत. काकांनी आयुष्यभर जॅझ ऐकला तो पियानोचा मधला भाग गाळून. ज्या गावात सयाजीराव महाराजांनी १८८६ मध्ये गायक मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा सोपवली आणि जिथे पुढे फैयाज खाँसाहेब दरबारी गायक होते, तिथल्या माणसाचा कान बारकाव्यांसाठी तयार झालेला असतो. काका खाँसाहेबांच्या आलापीतल्या एकेका श्रुतीबद्दल तासन् तास बोलत. पियानोतले तेच बारकावे त्यांना कधी ऐकायला मिळाले नाहीत, याची मला आजही हळहळ वाटते.

रोजच्या जगण्यात या पियानोचा सर्वांत मोठा उपकार म्हणजे हेडफोन. त्यासाठी दोन छिद्रे आहेत, एक लहान आणि एक मोठे, त्यामुळे माझी पुतणी शिकायला येते तेव्हा आम्ही दोघे एकाच वेळी ऐकू शकतो. पट्ट्यांचे दोन समान भाग करून दोघांना सारखेच सप्तक देण्याचीही सोय आहे. मी डावीकडे कॉर्ड वाजवतो, ती उजवीकडे तीच ऐकून वाजवते. नवरात्रात रात्री मैदानावर गरबा रंगलेला असताना घरात इतर कोणतेही वाद्य वाजवणे निरर्थक ठरते, पण हेडफोन लावून सराव अखंड चालतो. मात्र ब्लूटूथचे हेडफोन या पियानोला जोडता येत नाहीत, तारेचेच घ्यावे लागतात. आणि पट्ट्या तळाला टेकण्याचा धप धप आवाज खालच्या मजल्यावर पोहोचतो. स्टँडखाली जाड रबराची चटई घातल्यावर आमच्याकडे तो पुष्कळ कमी झाला.

ब्लूटूथचा खरा उपयोग दुसरा आहे. फोनवरचे ध्वनिमुद्रण पियानोच्याच स्पीकरमधून किंवा हेडफोनमधून ऐकत त्याच्याबरोबर वाजवता येते, आणि जॅझ शिकण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. येथे आणखी एक सोय कामी येते, ती म्हणजे मूळ सूर ४१५.३ ते ४६६.२ हर्ट्झ यांदरम्यान हलवण्याची. ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या १९५९ च्या तबकडीची पहिली बाजू ध्वनिमुद्रित होताना टेपयंत्राची गती किंचित मंद होती, त्यामुळे नेहमीच्या गतीने वाजवल्यावर जुन्या आवृत्त्यांत त्या बाजूच्या तिन्ही रचना चढ्या सुरात ऐकू येतात. १९९० च्या दशकातल्या आवृत्त्यांत ही चूक दुरुस्त झाली. ज्यांच्याकडे जुनी तबकडी आहे त्यांचा घरचा पियानो तिच्याशी कधीच जुळणार नाही. येथे काही क्षणांत सूर वर नेला की त्या बाजूवरच्या एका रचनेतला पियानोवादक विंटन केली याच्या शेजारी बसून ब्लूज वाजवता येतो. हा आनंद शब्दांत पूर्णपणे सांगणे मला शक्य नाही.

इलेक्ट्रिक पियानोचे ध्वनीही चांगले आहेत. रोलंडने १९८७ मध्ये ऱ्होड्स हे प्रसिद्ध इलेक्ट्रिक पियानोचे नाव विकत घेतले होते आणि काही वर्षे त्या नावाची वाद्ये काढली. एफपी-३०एक्समधला त्या जातीचा ध्वनी हळू वाजवला की घंटेसारखा गोल राहतो आणि जोर दिला की चिरकतो, हे मूळ वाद्याच्या स्वभावाला धरून आहे.

स्पीकर खोलीपुरते पुरेसे आहेत, त्यापलीकडे नाहीत. मित्राच्या घरी गच्चीवर बैठक झाली तेव्हा ड्रमसमोर पियानोचा खालचा भाग ऐकूच येईना. मागे असलेल्या दोन लाइन आउटमधून, म्हणजे आवाज बाहेर नेणाऱ्या छिद्रांतून, साध्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडल्यावर सगळे स्वर पुन्हा ऐकू येऊ लागले, त्यामुळे ज्यांना इतरांसोबत वाजवायचे आहे त्यांनी अ‍ॅम्प्लिफायरचा खर्च आधीच हिशेबात धरावा. नेण्या-आणण्याच्या दृष्टीने १४.८ किलो हे वजन फार नाही, पण लांबी १.३ मीटर आहे. जिन्याच्या वळणावर दोन माणसे लागतात आणि रिक्षात तो आडवा मावत नाही. मागचे आसन पाडता येणारी मोटार हवी. पिशवी घेताना आतून जाड गादी असलेली आणि पावसाचे पाणी आत न जाऊ देणारी घ्यावी, कारण आमच्या गावातल्या बैठका बहुधा श्रावणातच ठरतात.