तंजावरची एक दिवसाची खासगी सहल: सात महिन्यांनंतरचा अनुभव

जानेवारीत, पोंगल होऊन गेल्यावर, आई-बाबांना घेऊन तंजावरला गेले होते. एका दिवसासाठी गाडी, ड्रायव्हर आणि परवानाधारक गाइड असं फक्त आम्हा तिघांसाठी ठरवलं होतं. परत आल्याबरोबर लिहायला बसले असते तर नुसतं कौतुकच लिहून मोकळी झाले असते. मधल्या काळात तिथे घेतलेलं एक चित्र खराब झालं, आणि याच महिन्यात माझी नणंद माझ्या सांगण्यावरून त्याच लोकांकडून तीच सहल करून आली. तेव्हा आता दोन्ही बाजू ठाऊक झाल्या आहेत.

आधी पैशांचं सांगते, कारण सगळे तेच विचारतात. बारा तासांची एसी गाडी, पेट्रोल, पार्किंग आणि गाइडची दिवसभराची फी मिळून आम्ही 7,200 रुपये दिले. राजवाड्याची तिकिटं आणि जेवण वेगळं. मोठ्या, म्हणजे बृहदीश्वराच्या, देवळाला तिकीट नाही. तिघांत हे महाग वाटू शकतं. पण बाबा 74 वर्षांचे, आईचे गुडघे दुखतात, आणि बसमधल्या चाळीस जणांबरोबर 'चला चला, वीस मिनिटं झाली' असं ऐकत फिरणं दोघांनाही जमलं नसतं. शिवाय बाबांना तंजावरला एकच गोष्ट पाहायची होती आणि ती बघायला वेळ लागणार हे मला माहीत होतं.

ती गोष्ट म्हणजे बृहदीश्वराच्या देवळातला मराठी शिलालेख. तंजावरचे राजे सरफोजी दुसरे यांनी 1803 साली भोसले घराण्याचा सगळा इतिहास देवळाच्या आवारातल्या ओवऱ्यांच्या भिंतीवर कोरून घेतला. मजकूर बाबूराव चिटणीसांचा. बाबा शाळेत इतिहास शिकवायचे. एकोजीराजांनी, म्हणजे शिवाजी महाराजांच्या सावत्र भावाने, 1675 च्या सुमारास तंजावर घेतलं आणि 1855 पर्यंत तिथे भोसल्यांची गादी होती, हे त्यांनी तीस-बत्तीस वर्षं मुलांना सांगितलं. स्वतः मात्र कधी गेले नव्हते. बुकिंग करतानाच मी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं की शिलालेखापाशी आम्हाला किमान एक तास हवा. पलीकडचे गृहस्थ 'नो प्रॉब्लेम मॅडम' म्हणाले, पण व्हॉट्सअॅपवर आलेल्या कार्यक्रमात मोठ्या देवळाला एकूण दीड तास आणि त्याच दिवशी राजवाडा, दारासुरमचं देऊळ, मूर्तिकारांचं स्वामीमलै, वर गंगैकोंडचोळपुरमचं देऊळ! नकाशा उघडून बघा. गंगैकोंडचोळपुरम तंजावरपासून सत्तरएक किलोमीटर आहे. हे सगळं एका दिवसात केलं तर तुम्ही देवळं नाही, रस्ता बघून याल. मी तेव्हाच गंगैकोंड काढायला लावलं आणि तुम्हीही लावा. त्याच्यासाठी कुंभकोणमला एक मुक्काम करा.

सकाळी सात वाजता गाडी हॉटेलच्या दारात होती. गाइड चाळिशीच्या बाई, इंग्रजी उत्तम, हिंदी कामापुरतं. त्यांनी गाडीत बसल्यावर पहिला प्रश्न बाबांना विचारला, 'सर, तुम्हाला काय पाहायचंय?' आणि उत्तर ऐकून दिवसाचा क्रम बदलला. दुपारी साडेबाराला गाभारा बंद होतो, तो चारला उघडतो, आणि उन्हं चढली की फरसबंदीवर अनवाणी पाय ठेववत नाही. म्हणून दर्शन आधी, मग लगेच शिलालेख, आणि बाकीचं आवार जमेल तसं. ग्रॅनाइट जानेवारीतसुद्धा अकरानंतर तापतो. पायमोजे घेऊन जा, आईला त्यांचा फार उपयोग झाला.

देवळाबद्दल किती लिहू! राजराज चोळाने बांधलेलं हे देऊळ 1010 मध्ये पूर्ण झालं. विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, सुमारे 66 मीटर उंच, सगळं ग्रॅनाइटचं, आणि तंजावरची जमीन तर कावेरीच्या गाळाची. म्हणजे दगड न् दगड बाहेरून आणलेला. पण मला उंचीपेक्षा बाईंनी आवाराच्या भिंतीपाशी उभं करून जे दाखवलं ते जास्त लक्षात राहिलं. भिंतीवर तमिळ अक्षरांच्या ओळी आहेत आणि त्यांत राजराजाने देवळाच्या सेवेत आणलेल्या चारशे नर्तकींची नावं आहेत, कोणती बाई कोणत्या रस्त्यावर कितव्या घरात राहते यासकट. हजार वर्षांपूर्वीचा घरांचा पत्ता! बाईंनी एका ओळीवर बोट न टेकवता, हवेतच बोट फिरवत दोन नावं वाचून दाखवली.

विमानाची सावली जमिनीवर पडत नाही, असं आमच्याकडेही बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. आईने विचारलं. बाईंनी आम्हाला चार पावलं पुढे नेलं आणि आवारात पसरलेली लांबलचक सावली दाखवली. म्हणाल्या, 'मी गाइड आहे, तुम्हाला खोटं सांगून देऊळ मोठं करायची गरज नाही, ते मोठंच आहे.' गाइड चांगला की वाईट हे मी आता याच प्रश्नावर ठरवते. नणंदेला ऑगस्टमध्ये दुसरा गाइड मिळाला, त्याने सावली पडत नाही असंच ठासून सांगितलं, आणि तेही सावलीत उभं राहून.

आता शिलालेख. सरफोजीराजांनी बांधलेलं गणपतीचं देऊळ आवाराच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात आहे, त्याच्या आसपासच्या ओवऱ्यांच्या भिंतीवर हा मजकूर आहे. गर्दी तिकडे फारशी वळत नाही. सगळे नंदीपाशी फोटो काढतात आणि बाहेर पडतात. अक्षर बाळबोध, म्हणजे आपण वाचतो तीच देवनागरी. पहिल्या क्षणी मला काहीच कळेना, कारण शब्द तोडलेले नाहीत, ओळ सलग पळते आणि काही जागी अक्षरं झिजली आहेत. बाबांनी चष्मा पुसला, भिंतीजवळ गेले आणि अक्षर अक्षर लावायला लागले. आधी पुटपुटत, मग हळूहळू मोठ्याने. 'एकोजीराजे' हा शब्द त्यांना सापडला तेव्हा त्यांनी मागे वळून आईकडे पाहिलं. ते मी विसरणार नाही.

पाच-दहा मिनिटांनी एक वृद्ध गृहस्थ येऊन शेजारी उभे राहिले. पांढरी वेष्टी, कपाळाला विभूती. मला वाटलं देवळातले कुणी असतील आणि आता हटकतील. ते मराठीत बोलले. आपली मराठी, पण चाल तमिळ, आणि मधूनच एखादा असा जुना शब्द की जो मी फक्त आजीच्या तोंडून ऐकला होता. तंजावरचेच, कित्येक पिढ्या तिथल्या. घरी मराठी बोलतात, लिहितात मात्र तमिळ लिपीत. देवनागरी त्यांना येत नाही. लहानपणापासून या भिंतीसमोरून जातात, पण त्यावर काय लिहिलंय ते त्यांनी कधी वाचलेलं नव्हतं. त्यांनी बाबांना विचारलं, 'जरा मोठ्यानं वाचता का?'

बाबा वाचत गेले आणि ते ऐकत गेले. एखादा शब्द बाबांना लागला नाही की ते उच्चारावरून अर्थ सांगायचे. एकाला अक्षर कळत होतं, दुसऱ्याला शब्द. असे दोघं जवळजवळ पाऊण तास त्या भिंतीसमोर उभे होते. बाईंनी एकदाही घड्याळ पाहिलं नाही. उलट बाहेर जाऊन ड्रायव्हरला सांगून आल्या की राजवाड्याला उशीर होईल, आणि आईला बसायला सावलीतली जागा शोधून दिली. निघताना आजोबांनी आईला त्यांच्या घरच्या जेवणाचं सांगितलं. डांगर पचडी त्यांच्याकडे अजून होते. उडदाच्या पिठाचं डांगर आई करते तसंच, फक्त दह्यात कालवलेलं. आईला तेवढी एक ओळख पुरली, ती त्यांच्याशी नंतर नातेवाइकांसारखी बोलत होती.

यासाठी मी 7,200 काय, त्याच्या दुप्पटही दिले असते.

राजवाडा त्यामानाने घाईत झाला. दरबार हॉलचे रंगीत खांब आणि कमानी, चोळकालीन कांस्यमूर्तींचं दालन, सरफोजीराजांचा पांढरा संगमरवरी पुतळा, जो फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराने घडवला. राजवाड्याची निगा ठीकठाक, काही भिंतींचा रंग उडालाय. सरस्वती महाल ग्रंथालयात पर्यटकांना फक्त संग्रहालयाची खोली पाहता येते. सरफोजीराजे स्वतः डोळ्यांच्या आजारांवर उपचारांत लक्ष घालत आणि रुग्णांच्या डोळ्यांची चित्रं काढून नोंदी ठेवत, हे बाईंनी तिथे सांगितलं. मोडी कागदांचे गठ्ठे आत आहेत हे कळल्यावर बाबा दाराशी बराच वेळ रेंगाळले.

जेवण केळीच्या पानावर, साधंच पण चविष्ट. सांबार तंजावरच्या मराठा राजांच्या मुदपाकखान्यात जन्मलं अशी कथा तिथे सगळेच सांगतात. बाईंनी ती कथा म्हणूनच सांगितली.

आता तक्रार. जेवणानंतर गाडी दारासुरमच्या रस्त्याला लागायच्या आधी एका मोठ्या दुकानासमोर थांबली. कार्यक्रमात हा थांबा नव्हता. बाई गाडीतच बसून राहिल्या, त्यांचा चेहरा उतरला होता. बुकिंग करणाऱ्यांचा हा नियम आहे हे त्यांनी नंतर कबूल केलं. दुकानात तंजावर चित्रं होती. फळीवर कापड चिकटवून, खडूच्या लेपाने दागिने उठावदार करून त्यावर सोन्याचा वर्ख लावतात, हे काम मला फार आवडतं. 22 कॅरेट वर्ख, आयुष्यभराची हमी असं सांगून त्यांनी लोणी खाणाऱ्या बाळकृष्णाचं एक छोटं चित्र आम्हाला 4,500 ला दिलं. जुलैत, डोंबिवलीच्या दमट हवेत, बाळकृष्णाच्या कमरपट्ट्याच्या कडेला हिरवट ठिपके आले. सोनं हिरवं पडत नाही, तांबं पडतं. एका कोपऱ्यात वर्खही सुटायला लागलाय. फोटो पाठवून बुकिंग करणाऱ्यांना कळवलं तर उत्तर आलं की दुकानाशी आमचा संबंध नाही. मग गाडी तिथे का थांबली, याला उत्तर नाही. चार मेसेज केले आणि सोडून दिलं. मला पैशांपेक्षा याचं वाईट वाटतं की खरा वर्ख लावून महिना महिना एका चित्रावर बसणाऱ्या कारागिरांचं नाव यात खराब होतं. चित्र घ्यायचं असेल तर गाइडला सांगून थेट कारागिराच्या घरी जा आणि बिलावर 'सोन्याचा वर्ख' असं लिहून घ्या. त्याच दुकानातून आईने घेतलेली मान डोलावणारी बाहुली मात्र मस्त आहे, नातीने दोनदा पाडली तरी डोलतेय.

दुकानात पाऊण तास गेल्यामुळे स्वामीमलैला जेमतेम वीस मिनिटं मिळाली. तिथे मूर्तिकार मेणाची मूर्ती करतात, तिच्यावर कावेरीची माती लिंपतात, भट्टीत भाजलं की मेण वितळून निघून जातं आणि त्या पोकळीत धातू ओततात. साचा फोडावाच लागतो, म्हणून तीच मूर्ती पुन्हा होत नाही. एक मुलगा मेणाच्या नटराजाच्या बोटांची नखं कोरत होता, तांदळाच्या दाण्याएवढी. तिथे तासभर बसायला हवं होतं.

दारासुरमचं ऐरावतेश्वर देऊळ संध्याकाळच्या उन्हात पाहिलं. मोठ्या देवळापेक्षा खूप लहान, पण दगडात काढलेली चाकं, रथ ओढणारे घोडे, आणि एकाच डोक्यात हत्ती आणि बैल दिसतील असं शिल्प. गर्दी नव्हती. आई तिथे पायरीवर शांत बसून राहिली. परत हॉटेलवर साडेआठ.

नणंदेचा अनुभव थोडक्यात: ड्रायव्हर तोच आणि तितकाच सांभाळून चालवणारा, मुलांना उलट्या झाल्या तर दोनदा न सांगता थांबला. दुकानाला तिने बुकिंगच्या वेळीच लेखी नकार दिला होता, आणि गाडी खरोखरच थांबली नाही. पण गाइडला मराठी शिलालेख कुठे आहे हेच माहीत नव्हतं. तिने मला व्हिडिओ कॉल केला आणि मी इथून, गॅलरीत कपडे वाळत घालता घालता, तिला ओवरीपर्यंत नेलं. म्हणून सांगते, नुसती गाडी आणि गाइड असं बुक करू नका. गाइड कोण, तो परवानाधारक आहे का, आधी फोनवर पाच मिनिटं बोलता येईल का, हे विचारा. शिलालेख माहीत आहे का, हेही विचारा. नाही म्हणाला तर दुसरा मागा.

बाबा फेब्रुवारीपासून मोडी शिकताहेत, आठवड्यातून दोन वर्ग, घरी पाटीवर सराव. डिसेंबरमध्ये त्यांना पुन्हा तंजावरला जायचंय, या वेळी पाच दिवस. गाडी नकोच म्हणतात, देवळापर्यंत रिक्षा पुरते. गाइड बाईंशी मी परस्पर बोलले आहे, त्यांनी पहिल्या आठवड्यातले दोन दिवस राखून ठेवलेत आणि ते आजोबा अजूनही रोज सकाळी देवळात येतात असं कळवलंय.