भोंग्यावर ऐकून घेतलेला अॅम्प्लिफायर

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर सांगलीतील एका दुकानातून मी ५० वॅटचा जुना व्हॉल्व्हचा (काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा) अॅम्प्लिफायर १४,००० रुपयांना विकत घेतला. एकेकाळी लग्नाच्या मांडवात, जत्रेत आणि प्रचारसभांत भोंगे वाजवणारी ही पत्र्याची जड खोकी आता मंडपवाल्यांच्या माळ्यावर धूळ खात पडलेली असतात. परंतु त्यांचे ट्रान्स्फॉर्मर मजबूत असतात आणि थोडे काम केले, तर घरी रेकॉर्ड ऐकण्यासाठी किंवा पेटी-तबल्याच्या छोट्या बैठकीसाठी ती उत्तम उपयोगी पडतात.

“सगळे कंडेन्सर नवे टाकलेत साहेब, हमिंग औषधालासुद्धा सापडायचं नाही,” असे सांगून दुकानदाराने दारात टांगलेला भोंगा जोडला, मोबाइलवरून एक अभंग ऐकवला आणि मग गाणे थांबवून आवाजाचे बटण शेवटपर्यंत फिरवून दाखवले. भोंगा अगदी गप्प होता. (हमिंग म्हणजे विजेची सततची गुणगुण; वीज साठवून तिचा चढउतार सपाट करणारे कंडेन्सर थकले, की ती वाढते.) वर त्याने खालचा पत्रा काढून ‘४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्ट’ असे छापलेले कोरे करकरीत कंडेन्सरही दाखवले. यापुढे संशय घेणे मलाच कोतेपणाचे वाटले.

घरी आल्यावर १२ इंची स्पीकरची पेटी मी ८ ओहमच्या टोकांना जोडली. (१०० व्होल्ट लाइनची टोके भोंग्यांच्या ट्रान्स्फॉर्मरसाठी असतात, घरच्या स्पीकरसाठी नव्हेत, आणि स्पीकर न जोडता असा अॅम्प्लिफायर वाजवला, तर आउटपुट ट्रान्स्फॉर्मर जळू शकतो, हे नवख्यांनी ध्यानात ठेवावे.) अर्ध्या मिनिटात व्हॉल्व्ह तापले आणि पेटीतून असा काही घुंकार सुरू झाला, की तिच्यावर ठेवलेल्या वाटीतला चमचा थरथरू लागला. आवाजाचे बटण शून्यावर आणले, तरी घुंकार तसाच राहिला. तबल्याची रेकॉर्ड लावली तेव्हा चाट ऐकू आली, पण डग्ग्याचा घुमारा मात्र नाहीसा झाला होता.

कारण समजले तेव्हा स्वतःचीच लाज वाटली. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असते आणि तिला एकाच दिशेने वळवणाऱ्या पूर्ण लहरीच्या रेक्टिफायरनंतर उरणारी गुणगुण १०० हर्ट्झची असते. भोंगा इतका खालचा स्वर मुळी काढूच शकत नाही. साधारण तीनशे हर्ट्झच्या खाली त्याचा आवाज झपाट्याने पडतो, म्हणून तर भोंग्यावरचे भाषण तसे किनरे ऐकू येते. म्हणजे मला जी शांतता ऐकवली गेली, ती भोंग्याची होती.

दुसऱ्या दिवशी खोक्याच्या पत्र्याला हात लागला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. टेस्टर लावला, तर तो लख्ख पेटला. प्लग तीन पिनांचा होता, पण आत अर्थिंगची हिरवी वायर कापून तिच्या टोकाला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती.

मग मिरजेतील एका वयस्कर रेडिओ-दुरुस्तीवाल्या काकांकडे खोके नेले. बंद केलेल्या खोक्यातही कंडेन्सरमध्ये चारशेहून अधिक व्होल्ट साठून राहू शकतात, म्हणून त्यांनी आधी रेझिस्टर लावून ते रिकामे केले आणि मगच हात घातला. ४७ मायक्रोफॅरडचा म्हणून दाखवलेला कंडेन्सर मीटरवर जेमतेम चार भरला. काकांनी त्याचे कवच ब्लेडने उभे चिरले, तेव्हा आतून कागदात गुंडाळलेला, करंगळीच्या पेराएवढा दुसराच कंडेन्सर निघाला. पुढची लबाडी अधिक हुशारीची होती: दोन टप्प्यांना जोडणारे ०.१ मायक्रोफॅरडचे कंडेन्सर काढून तेथे ०.००१ चे बसवले होते. पुढे ४७० किलोओहमचा रेझिस्टर असल्याने सुमारे ३४० हर्ट्झच्या खालचे सगळेच स्वर तेथे दबत होते. त्यामुळे पहिल्या टप्प्यांतील गुणगुण कमी झाली आणि तिच्याबरोबर माझा डग्गाही गेला.

शेवटी काकांनी मेन ट्रान्स्फॉर्मरचे झाकण काढले. पट्ट्यांच्या फटींत बारीक, वाळलेला, तांबूस मातीचा थर बसला होता. तो नखाने खरवडून ते म्हणाले, “हा कृष्णेचा गाळ आहे. २०१९ च्या पुरात हे खोकं बुडालेलं दिसतंय.” ओल लागलेल्या गुंडाळीतून करंट पत्र्यात उतरत होता आणि तो अर्थिंगमध्ये जाऊन दुकानातला ब्रेकर पडू नये, म्हणून ती वायर कापली गेली, असा त्यांचा तर्क होता. मला तो पटतो.

ट्रान्स्फॉर्मर नव्याने भरून घ्यावा लागला, आउटपुट व्हॉल्व्हची एकसारखी जोडी बसवावी लागली, व्हॉल्व्ह तापवणाऱ्या फिलामेंटच्या वायरी एकमेकींना पीळ देऊन पत्र्यालगत नेल्या गेल्या आणि सगळ्या टप्प्यांचे ग्राउंड एकाच ठिकाणी बांधले गेले; अर्थिंग अर्थातच परत जोडले. या सगळ्याचा खर्च ७,५०० रुपये झाला. आता स्पीकरला कान लावला, तरच गुणगुण ऐकू येते.

असे खोके घ्यायला जाताना कागदी कोनाचा निदान आठ इंची स्पीकर, पेटीसकट, सोबत न्यावाच. आवाज शून्यावर असतानाही घुंकार राहिला, तर दोष बहुधा पॉवर सप्लायमध्ये किंवा आउटपुटच्या जोडीत असतो. बटणाबरोबर वाढत गेला, तर आधीच्या टप्प्यात किंवा इनपुटच्या वायरीत. प्लग काढून मीटरने अर्थची पिन पत्र्याला खरोखर जोडलेली आहे का, हे पाहायला एक मिनिट लागते. कंडेन्सरच्या नवेपणावर जाऊ नये, ते मोजून दाखवायला सांगावे. आणि पावतीवर ‘आहे त्या स्थितीत’ हे शब्द असतील, तर पैसे देण्यापूर्वीच त्यांवर बोलावे. माझ्या चिठ्ठीवर ते होते, आणि ते मी घरी येऊन वाचले.

चिरलेला कंडेन्सर घेऊन मी दुकानात गेलो, तेव्हा दुकानदाराने तो उलटसुलट करून पाहिला आणि पैसे परत देण्यास साफ नकार दिला. मात्र दारातला भोंगा काढून त्याने माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, “हा घेऊन जा साहेब, यावर हमिंग येत नाही.”